वडिलांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, त्यांना काय शिकवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे वडील ७२ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. आई-बाबा गावी असतात, मी बंगळूरला. बाबांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवलाय आणि तो डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय. मी सांगते, लिहू नका, कठीण ठेवा, दर महिन्याला बदला. ते चिडतात. मध्यंतरी बँकेच्या नावानं त्यांना एक फोन आला होता, तो त्यांनी मला चार दिवसांनी सांगितला. पैसे गेले नाहीत, पण माझी झोप उडाली. दिवाळीत घरी जाणार आहे. त्यांना नेमकं काय शिकवू?"

ताई, डायरीपासूनच सुरुवात करतो, कारण तुमचं आणि बाबांचं गाडं तिथेच अडलंय. बाबांनी पासवर्ड लिहून ठेवला यात त्यांचं काहीही चुकलेलं नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पासवर्ड सगळीकडे एकच आहे, आणि फोनची गोष्ट तुम्हाला चार दिवसांनी कळली. दुसरी अडचण जास्त मोठी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

मी बरीच वर्षं कोल्हापुरात एमएस-सीआयटीचं केंद्र चालवलं. आता दर शनिवारी सकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत साठी ओलांडलेल्यांना मोबाईल शिकवतो. केंद्राच्या दिवसांत मीही फळ्यावर लिहायचो, 'पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नये.' पुढे ज्येष्ठांच्या शेजारी बसायला लागलो तेव्हा त्या वाक्याचं काय होतं ते दिसलं. लिहायचं नाही म्हटल्यावर माणूस लक्षात राहील असंच काहीतरी ठेवणार. मग नातवाचं नाव आणि पुढे १२३, स्कूटरचा नंबर, लग्नाची तारीख, साईराम आणि १०८. एकदा तो तोंडपाठ झाला की तोच बँकेला, तोच ईमेलला, तोच रेल्वेच्या तिकिटाला.

आता हे चोराच्या बाजूनं बघा. तो बाबांच्या घरी येऊन कपाट उघडणार नाही. तो कुठेतरी लांब बसलाय आणि बाबा कोण हेही त्याला माहीत नाही. २००९ साली रॉकयू नावाच्या एका अमेरिकी कंपनीचा माहितीचा साठा फुटला आणि ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले. त्यांत सगळ्यात जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता १२३४५६, जवळपास २ लाख ९० हजार जणांचा. तेव्हापासून असे साठे फुटतच आलेत. ज्याच्या हाती अशी यादी लागते तो त्यातला ईमेल आणि पासवर्ड घेऊन संगणकाकरवी इतर शेकडो ठिकाणी लावून बघतो. बाबांनी कधीतरी एखाद्या छोट्या दुकानाच्या साईटवर चादरी मागवल्या असतील. तिथून पासवर्ड गळला आणि तोच जीमेललाही असला, तर चादरीवाल्याची चावी घराच्या दाराला लागली. त्या पासवर्डमध्ये कितीही चिन्हं कोंबलेली असली तरी उपयोग नाही, कारण तो कोणी ओळखलेला नाही, आयता मिळालाय.

डायरीचं तसं नाही. घरातल्या कपाटातली वही इंटरनेटवरून कोणाला वाचता येत नाही. गावच्या घरात, जिथे दोनच माणसं राहतात, तिथे ती वही मला बाबांच्या स्मरणशक्तीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. घरात भाडेकरू असतील, कामाला सतत माणसं येत-जात असतील किंवा घरातल्याच कोणावर विश्वास नसेल, तर मात्र हा सल्ला बदलतो. तेव्हा वही कुलपात हवी.

दर महिन्याला बदला, हेही सोडून द्या. हा नियम जगभर पसरला तो बहुतांशी अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांमुळे. त्या लिहिणाऱ्या बिल बर यांनीच पुढे त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि २०१७ साली निस्टनं सूचना नव्यानं काढल्या: ठरावीक दिवसांनी बदलायची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर लगेच बदला, आणि चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबीला महत्त्व द्या. कारण साधं आहे. बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ करतो. आपल्याकडच्या काही बँका अजून ठरावीक मुदतीनं बदलायला लावतात, तिथे इलाज नाही. तेवढाच बदलायचा आणि वहीत जुना खोडून नवा लिहायचा.

मग शिकवायचं काय? सगळं नको. बाबांच्या फोनमध्ये वीस-पंचवीस ठिकाणी खाती असतील, पण जिवावर बेतणारी फार थोडी. सगळ्यात वर जीमेल. लोक बँकेला घाबरतात आणि ईमेलकडे काणाडोळा करतात. पण 'पासवर्ड विसरलो' असं कुठेही दाबलं की नवा पासवर्ड बनवायची लिंक बहुतेक वेळा ईमेललाच येते. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात बाकीच्या किल्ल्यांचा जुडगा. त्यानंतर नेट बँकिंग किंवा बँकेचं ॲप, आणि मग व्हॉट्सॲप, कारण तुमच्या बाबांच्या नावानं सगळ्या नातेवाइकांकडे पैसे मागायला तेवढं पुरतं. या तिघांना तीन वेगळे, लांब पासवर्ड किंवा पिन. वीजबिल, रेल्वे, किराणा यांना साधे चालतील, फक्त या तिघांतला कुठलाही तिथे वापरायचा नाही.

पासवर्ड बाबांकडूनच बनवून घ्या. तुम्ही बनवलात तर तो तुमचा होतो आणि दर वेळी ते तुम्हाला फोन करणार. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे. उदाहरणादाखल, पाटी, जिरे, बोगदा, चष्मा. इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन. साईट मोठं अक्षर आणि अंक मागते, म्हणून पहिलं अक्षर मोठं आणि शेवटी दोन अंक. अगदी रोजच्या २००० शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या काढून चार शब्द घेतले तरी १६ लाख कोटी जोड्या होतात. मात्र चिठ्ठ्या काढल्यासारखेच निवडायचे. अभंगाची ओळ नको, म्हण नको, मुलांची नावं ओळीनं नकोत. एका आजोबांनी चार शब्द म्हणून विठ्ठल, रखुमाई, पंढरपूर, वारी असे काढले होते. पहिला ऐकला की पुढचे तीन कोणीही सांगेल.

शब्द मराठी आणि अक्षरं इंग्रजी असली की एक घोळ हमखास होतो. 'जिरे' आज एका आयनं लिहिलं जातं, चार महिन्यांनी दोन ईंनी. 'चष्मा'चं तर पाच तऱ्हांनी होतं. म्हणून बनवल्या क्षणी स्पेलिंगसकट वहीत उतरलं पाहिजे.

वहीसाठी मी गणिताची चौकटींची वही घ्यायला लावतो, लहान मुलांची असते ती. एका चौकटीत एकच अक्षर. ही युक्ती मला माझ्या वर्गातल्या एका निवृत्त अंगणवाडीताईंनी शिकवली. त्यांचा बँकेचा पासवर्ड दर वेळी चुकायचा आणि तीनदा चुकला की खातं दिवसभर बंद. मी शेजारी बसून बघितलं. त्या कागदावर बघून एकेक अक्षर अगदी सावकाश दाबत होत्या, पडद्यावर मात्र काळे ठिपके. कागदावर शून्य आणि ओ सारखेच दिसत होते, एक आणि छोटा एलही सारखे. शिवाय बोट शेजारच्या कळीवर पडलेलं ठिपक्यांत कळत नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपली बुद्धीच चालत नाही. मी त्यांना पडद्यावरच्या पासवर्डच्या रकान्याच्या कडेला असलेलं डोळ्याचं चिन्ह दाखवलं. ते दाबलं आणि ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसली. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे मला दिसायची सोय होती?" पुढच्या शनिवारी चौकटींची वही घेऊन आल्या. शून्याच्या पोटात तिरकी रेघ, मोठ्या अक्षराखाली लाल रेघ. त्यानंतर त्यांचं खातं एकदाही बंद पडलं नाही. तुमच्या बाबांचं चिडणं निम्मं तरी या ठिपक्यांमुळे असेल असा माझा अंदाज आहे. आधी तो डोळा दाखवा.

वहीत एका पानावर एक खातं: कशाचं आहे, लॉगिनचं नाव काय, पासवर्ड काय, कुठला मोबाईल नंबर जोडलाय आणि तारीख. मुखपृष्ठावर 'पासवर्ड' असं लिहू नका. वही पिशवीतून बँकेत न्यायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही, आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर तो पाठवायचाही नाही. फोटो फोनमधून आपोआप कुठे कुठे चढतात हे बाबांना काय, आपल्यालाही नीट कळत नाही. तुम्ही स्वतःसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका किल्लीमागे सांभाळणारं ॲप, जरूर वापरा, मीही वापरतो. बाबांना तो आत्ताच नको. त्याची एक मुख्य किल्ली विसरली की सगळंच बंद, आणि तेव्हा तुम्ही बंगळूरला.

एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन मात्र वहीतसुद्धा नको, आणि कार्डाच्या पाकिटावर तर नकोच नको. पाकिटावर बॉलपेननं लिहिलेला पिन मी जवळपास प्रत्येक वर्गात बघतो. पिन विसरला तर काही बुडत नाही. यूपीआयचा पिन डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि त्यावरची मुदत टाकून नवा करता येतो, एटीएमचा बँकेकडून बदलून मिळतो. विसरायची भीती गेली की लिहायची घाई जाते. फोन उघडायचा सहा आकडी पिनही जन्मतारखेचा नसावा. सहा आकड्यांच्या १० लाख शक्यता असतात, पण शंभर वर्षांतल्या तारखा मोजल्या तर साडेछत्तीस हजारच. आणि बाबांची तारीख तर शाळेच्या निरोप समारंभापासून सगळ्यांना पाठ असणार. तसंच 'आईचं माहेरचं नाव' या प्रश्नाचं. आपल्याकडे ते लग्नपत्रिकेत छापलेलं असतं. त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं बंधन नाही. भलताच एखादा शब्द द्या आणि वहीत लिहा.

ज्येष्ठांचा खरा गोंधळ उडतो तो शब्दांनी. पासवर्ड, पिन, एमपिन (मोबाईल बँकिंगचा पिन), ओटीपी, सीव्हीव्ही (कार्डामागचे तीन आकडे) हे सगळे त्यांना एकच वाटतात, आणि फोनवरचा माणूस नेमका त्याचाच फायदा घेतो. तो म्हणतो, "काका, पासवर्ड अजिबात सांगू नका, फक्त सहा आकडी नंबर आलाय तेवढा वाचून दाखवा." काकांना वाटतं, माणूस प्रामाणिक आहे, पासवर्ड नको म्हणाला. मी बँकेच्या स्लिपवरून समजावतो. बाबांनी आयुष्यभर पैसे काढायची स्लिप भरलीये. यूपीआयचा पिन म्हणजे त्या स्लिपवरची सही. पैसे आपल्या खात्यात यायचे असतील तर कोणी सही मागतं का? मग 'रिफंड पाठवतोय, पिन टाका' म्हणणारा काय करतोय ते त्यांचं त्यांना कळतं. ओटीपी म्हणजे त्या एका व्यवहारापुरती सही. ती एसएमएसनं आपल्याकडे येते, ती आपणच आपल्या हातानं टाकायची. फोनवरच्या कोणालाही वाचून दाखवायची नाही, अगदी तो बँकेचा मॅनेजर असला तरी.

ओटीपी कुलूपबंद पडद्यावरही दिसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फोन टेबलावर उताणा ठेवला असेल तर शेजारचा वाचू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही असं करून द्या.

आणि पासवर्ड कितीही चांगला असला तरी एका गोष्टीपुढे तो हतबल आहे, ती म्हणजे फोनमध्ये घुसलेलं ॲप. 'बिल थकलंय, आज रात्री वीज तोडली जाईल', 'गाडीचं चलान', 'लग्नाची पत्रिका' अशा नावांनी व्हॉट्सॲपवर फाईल येते. दाबली की ॲप बसतं, ते एसएमएस वाचतं आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातात. बाबांना एकच सांगा: नवं ॲप फक्त प्ले स्टोअरमधून, तेही आपण होऊन शोधून. बँकेची साईट उघडताना पत्त्याचा शेवट बघायलाही शिकवा. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेल्या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. ही ओळखीची खूण आहे.

घरी गेल्यावर पहिल्यांदा एक तपासून बघा. बाबांचं ईमेल कोणी काढून दिलं? गावोगाव मी बघतो, सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरताना तिथला मुलगाच ईमेल बनवतो, पासवर्ड त्याचा, मोबाईल नंबरही कधी कधी त्याचाच. त्याच्या मनात काही नसतं, रांग लांब असते. पण त्या पत्त्यावर पुढे पेन्शनची, विम्याची कागदं येत राहतात आणि ती किल्ली दुकानात राहते. जीमेलमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवून गुगल अकाउंटमध्ये जा, सिक्युरिटी उघडा. तिथे परत मिळवण्यासाठी कुठला फोन नंबर लावलाय ते दिसतं, आणि हे खातं कुठकुठल्या फोनवर उघडं आहे तेही. विकलेला जुना फोन तिथे अजून दिसला तर लगेच काढून टाका. मग तिथलीच दोन टप्प्यांची तपासणी (टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय) चालू करा. व्हॉट्सॲपमध्येही सेटिंग, अकाउंटमध्ये जाऊन तशीच सोय आहे, सहा आकडी पिनची. हा पिन मात्र वहीत लिहा, कारण तो क्वचित विचारला जातो आणि हमखास विसरतो.

जुन्या नंबरचंही तसंच. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. बँकेत तोच नंबर राहिला असेल तर बाबांचे ओटीपी त्या परक्या माणसाला जाणार. बाबांचा नंबर कधी बदलला असेल तर बँक, आधार, पेन्शन, गॅस सगळीकडे नवा नोंदलाय का ते बघाच.

आता त्या चार दिवसांबद्दल.

बाबांनी चार दिवस का सांगितलं नाही, हे त्यांना विचारू नका. उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाला मुलीकडून "बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं!" हे ऐकायचं नसतं. माझ्या वर्गातल्या एका काकांचे पैसे गेले तेव्हा ते घरी बोललेच नाहीत. दुपारी घडलं, रात्रभर एकटे जागे राहिले, आणि मला सांगितलं तेही तीन आठवड्यांनी, जिन्यात थांबवून. पैशांपेक्षा मुलगा काय म्हणेल याची भीती मोठी होती. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते.

इथे वेळ म्हणजे अक्षरशः पैसे. १९३० हा सरकारी हेल्पलाईनचा नंबर आहे. तिथे लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यांत जाईपर्यंत मध्येच अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरवलं होतं: चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंतच येतं. आणि ओटीपी आपणच सांगून बसलो असलो तरी, बँकेला कळवल्यानंतर जे काही जाईल त्याची जबाबदारी बँकेची. म्हणजे चूक झाली असेल तेव्हाच सांगायची जास्त घाई. आधी १९३०, लगोलग बँक, मग सायबर पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार. तक्रारीचा क्रमांक वहीत.

म्हणून दिवाळीत वही घेऊन बसण्याआधी बाबांना हे शब्द सांगा, तोंडानं, समोर बसून: "काहीही झालं, पैसे गेले, तुम्हीच नंबर सांगितलात, तरी मी एक शब्द बोलणार नाही. फक्त मला लगेच फोन करा." आणि तसं घडलं तर खरंच बोलू नका. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १९३०, बँकेचा नंबर आणि तुमचा नंबर असू द्या.

शेवटचं आईबद्दल, जे तुम्ही विचारलेलं नाही. गेल्या वर्षी एक बाई वर्गात आल्या, नवऱ्याचा फोन घेऊन. ते जाऊन दोन महिने झाले होते. फोनला पिन, तो कोणालाच माहीत नाही. विम्याचा हप्ता, गॅसचं बुकिंग, नातवाचे फोटो, सगळं त्या फोनच्या आत. त्यांच्याकडे स्वतःचा फोन होता, पण तो फक्त उचलायला. खात्यातले पैसे त्यांना नॉमिनी म्हणून रीतसर अर्ज करून मिळाले, आणि ते तसेच घ्यायचे असतात, गेलेल्या माणसाचा पासवर्ड वापरून नव्हे. फोटो मात्र त्या फोनमध्येच राहिले.

वही करायला बसाल तेव्हा आईलाही शेजारी बसवा. बाबांचा फोन तिच्या हातात द्या, डोळ्याचं चिन्ह तिलाच दाबू द्या, आणि वही कुठल्या कपाटात, कुठल्या साडीखाली ठेवायची ते तिलाच ठरवू द्या.